मुद्रणस्थळ पुणे, लेखनस्थळ बुलढाणा

मराठी ग्रंथसूचीशास्त्रात ‘दोलामुद्रिते’ ही संज्ञा युरोपीय संज्ञेवरून घडविली गेली. मुद्रणकला पाळण्यात असताना जन्मलेले ग्रंथ, असा तिचा अर्थ. युरोपात ही मर्यादा १५०० या वर्षापर्यंत मानतात. मराठीत ती सर्वसाधारणपणे १८६७ पर्यंत धरण्याचा प्रघात आहे. त्या वर्षी मुद्रणालये व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. मुंबई-पुण्याच्या दृष्टीने ही मर्यादा सोयीची व सयुक्तिकही आहे. परंतु मराठी मुद्रणाचे वय सर्व प्रांतांत सारखे नव्हते, ही साधी गोष्ट तिच्यात गृहीत धरलेली नाही. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. मुंबईत मराठी पुस्तके व नियतकालिके स्थिरावली त्या काळात वऱ्हाडात कचेऱ्या व शाळा नुकत्या उभ्या राहत होत्या. अकोल्याचे ‘वऱ्हाड समाचार’, उमरावतीचे ‘प्रमोदसिंधु’ ही पत्रे तेथील मुद्रणाच्या बाल्यावस्थेची खूण होत. मुंबईच्या मुद्रणाचा पाळणा हलायचा थांबला तेव्हा वऱ्हाडचा पाळणा जेमतेम टांगला गेला होता. १८६७ ची रेघ वऱ्हाडला लागू केली की त्या प्रांताला दोलामुद्रितेच नाहीत असा निष्कर्ष निघतो आणि जे नाही त्याचे जतन करण्याचाही प्रश्न उद्भवत नाही.

इंग्लंडच्या सूचिकारांनी या बाबतीत दाखविलेले स्वातंत्र्य पाहण्यासारखे आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला, म्हणजे युरोपीय मर्यादेप्रमाणे इंग्लंडच्या वाट्याला दोलामुद्रितांची जेमतेम पंचवीस वर्षे येतात. पोलार्ड व रेडग्रेव्ह यांनी १९२६ मध्ये जी लघुशीर्षक सूची प्रसिद्ध केली तिची मर्यादा त्यांनी १६४० पर्यंत नेली आणि पुढे विंग यांनी ती १७०० पर्यंत वाढविली. आपल्या भाषेतील मुद्रण कोणत्या गतीने वाढले, कोणत्या काळातील पुस्तके नष्टप्राय होण्याच्या वाटेवर आहेत, हे पाहून त्यांनी रेघ ओढली. जर्मनी-इटलीच्या मोजपट्टीने स्वतःला मोजले नाही. शिवाय ‘पुस्तक’ या शब्दाची व्याप्तीही त्यांनी संकोचली नाही. चार पानांचे चोपडे, एक पानी फर्मान, फाशी गेलेल्या गुन्हेगाराची कथा, धर्मविषयक भांडणातील उत्तर-प्रत्युत्तर हे सर्व त्या सूचीत महाग, जाडजूड ग्रंथांच्या मांडीला मांडी लावून बसले आहे.

हे औदार्य त्यांच्याकडेही उपजत नव्हते. सर टॉमस बॉडली यांनी १६१० मध्ये लंडनच्या मुद्रक-विक्रेत्यांच्या संघाशी करार करून प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत ऑक्सफर्डच्या ग्रंथालयाकडे येईल अशी व्यवस्था केली. पण नाटके, पंचांगे व किरकोळ पुस्तिका यांना आपल्या ग्रंथालयात जागा देण्यास मात्र त्यांचा सक्त विरोध होता. हा कचरा ठेवला तर ग्रंथालयाची अप्रतिष्ठा होईल असे त्यांना वाटे. त्याच ग्रंथालयाने शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहाची, १६२३ च्या फोलिओची, प्रत १६६४ ची नवी आवृत्ती आल्यावर निरुपयोगी म्हणून काढून टाकली आणि १९०६ मध्ये तीन हजार पौंडांची वर्गणी जमवून तीच परत विकत घेतली. नवी आवृत्ती आली म्हणजे जुनी प्रत अडगळ, हा समज किती महाग पडतो याचे इतके ढळढळीत उदाहरण दुसरे नसेल. उलट जॉर्ज टॉमसन हा सेंट पॉल चर्चच्या आवारातला पुस्तकविक्रेता. १६४० ते १६६१ या यादवीच्या व उलथापालथीच्या काळात हाती येईल ती पुस्तिका, वृत्तपत्रिका, पत्रक तो गोळा करीत राहिला आणि पुष्कळांवर ती मिळाल्याची तारीखही लिहीत राहिला. असे सुमारे बावीस हजार नग त्याने जमविले. आज ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या या संग्रहावाचून त्या वीस वर्षांचा इंग्लंडचा वैचारिक इतिहास लिहिताच आला नसता. विद्वान ग्रंथालयसंस्थापकाला जे दिसले नाही ते एका दुकानदाराला दिसले!

ही चर्चा बुलढाणा जिल्ह्याला लागू पडते ती एका पुस्तकामुळे. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात १८८२ मध्ये छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे, पृष्ठे पन्नासएक. ताराबाई बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे तेथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते व सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. सुशिक्षित एतद्देशीयांना उद्देशून लिहिलेले त्यांचे स्वतःचे पुस्तक १८७१ मध्येच प्रसिद्ध झाले होते; म्हणजे छापखाना ही वस्तू त्या घराला अपरिचित नव्हती. ताराबाईंच्या लेखनाचे निमित्त सर्वविश्रुत आहे. सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य होऊन काळ्या पाण्याची झाली. या प्रकरणावरून वृत्तपत्रांत स्त्रीजातीच्या नीतीविषयी जो गदारोळ उठला आणि ‘पुणेवैभवा’सारख्या पत्राने जे लिहिले त्याला हे उत्तर होते. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सारा’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत. मधली त्र्याण्णव वर्षे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने या पुस्तकाची दखल घेतली नाही असेच म्हणावे लागते. मालशे यांच्या नंतर रोझालिंड ओ’हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद १९९४ मध्ये आला, विलास खोले यांची संपादित आवृत्ती १९९७ मध्ये आली आणि आता तर पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ताराबाईंचे नाव अपरिहार्य झाले आहे.

तरीही हे पुस्तक वर्गात ज्या रीतीने शिकविले जाते तीत एक मूलभूत उणीव राहते. ते ‘ग्रंथ’ म्हणून शिकविले जाते, पुस्तिका म्हणून नव्हे. ग्रंथ स्वयंपूर्ण असतो, किंवा तसा असल्याचा आव तरी आणतो. पुस्तिका ही नेहमी कोणाला तरी दिलेले उत्तर असते. तिच्या आधी कोणी काही बोललेले असते आणि तिच्यानंतर कोणी काही बोलणार असते. आधीचे व नंतरचे बोलणे काढून टाकून मधले एकच वाक्य ऐकले तर ते किंचाळल्यासारखे वाटणारच. ताराबाईंच्या लेखनाचे वर्णन करताना ‘उद्रेक’, ‘आक्रोश’, ‘धगधगता संताप’ हे शब्द अभ्यासकांच्या लेखणीतून ज्या सहजतेने उतरतात त्याचे कारण हेच आहे. त्यांच्या रचनेला विस्कळीत म्हणणारे समीक्षक तर निबंधाची मोजपट्टी घेऊन भांडणाची लांबी मोजतात. आता, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच ‘निबंध’ हा शब्द आहे हे खरे. पण १८८२ मधला ‘निबंध’ हा शब्द चिपळूणकरी वाग्युद्धाच्या छायेतला आहे, महाविद्यालयीन प्रश्नपत्रिकेतला नव्हे.

इंग्लंडात याच विषयावर, याच प्रकारचे भांडण पुस्तिकांतून झाले होते आणि ते पाहिले असता ताराबाईंच्या रचनेतील कित्येक ‘दोष’ प्रकाराची लक्षणे ठरतात. जोसेफ स्वेटनम या गृहस्थाने १६१५ मध्ये स्त्रियांवर आरोपपत्र ठेवणारी एक पुस्तिका खोट्या नावाने प्रसिद्ध केली. ती विलक्षण खपली. तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. १६१७ या एकाच वर्षात तिला तीन उत्तरे आली. पहिले रेचल स्पेट या विशीच्या आसपासच्या तरुणीचे, स्वतःच्या नावानिशी. ती लंडनमधील एका धर्मोपदेशकाची मुलगी. दुसरी दोन उत्तरे टोपणनावांनी आली. त्यांतील एस्टर सावरनम हे नावच स्वेटनमच्या नावातील ‘स्वीट’ म्हणजे गोड या ध्वनीला ‘सावर’ म्हणजे आंबट असा टोला मारून बनविलेले. तिसरे कॉन्स्टॅन्शिया मुंडा या नावाने. १६२० मध्ये या सगळ्या प्रकरणावर नाटकही छापले गेले. प्रतिपक्षाचा एकेक आरोप उचलून तो उलटविणे, त्याला समोर उभा करून थेट ‘तू’ म्हणून जाब विचारणे, पुराणकथांतील दाखले एकामागून एक फेकणे, मधूनच विषय सोडून टोमणा मारणे, ही या पुस्तिकांची सर्वसाधारण रीत होती. ताराबाईंनी या पुस्तिका वाचल्या होत्या असे सुचविण्याचा हेतू नाही. तशी कल्पना करण्यालाही आधार नाही. सांगायचे इतकेच की छापील भांडणाचा स्वतःचा एक घाट असतो आणि तो लंडनला व बुलढाण्याला स्वतंत्रपणे सापडू शकतो.

साम्य येथे संपते, आणि फरक अधिक महत्त्वाचा आहे. स्पेटचा सारा युक्तिवाद बायबलच्या आत राहून चालतो. ईश्वराने स्त्रीला निर्माण केले तीच पुरुषाची जोडीदार म्हणून, तेव्हा तिला हीन लेखणे हा ईश्वराच्या निर्मितीचा अवमान आहे, अशी तिची भूमिका. शास्त्र खरे, स्वेटनमचा अर्थ खोटा. ताराबाई शास्त्राच्या आत राहत नाहीत. देवादिकांच्या वर्तनाचाच हिशेब त्या मागतात आणि स्त्रीला एक नियम व पुरुषाला दुसरा असा भेद करणाऱ्या शास्त्रकारांच्या हेतूवर शंका घेतात. इंग्लंडच्या पुस्तिकांशी तुलना करून ताराबाईंना मोठेपणा द्यायचा तर तो येथे द्यावा. ‘आद्य स्त्रीवादी’ या शिक्क्याने त्यांचे हे धाडस उलट पुसट होते, कारण शिक्का एकदा मारला की पान उघडून वाचण्याची गरज उरत नाही.

स्पेटच्या पुस्तिकेची एक प्रत अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तिच्या समासात कोणा तत्कालीन वाचकाने शाईने जागोजागी उपहासाचे, कधी अश्लीलतेकडे झुकणारे शेरे मारले आहेत. ते शेरे खुद्द स्वेटनमचे असावेत असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तर्क बाजूला ठेवला तरी त्या एका प्रतीवरून एका मुलीचे पुस्तक हातात आल्यावर तिच्या काळातला पुरुष कसा वागत होता याचा प्रत्यक्ष पुरावा मिळतो. पुनर्मुद्रणातून संहिता मिळते. समास मिळत नाही. ताराबाईंच्या पाचशे प्रती कोणाकोणाच्या हाती गेल्या, नऊ आणे (मजुराची त्या काळची दोन-तीन दिवसांची कमाई) कोणी मोजले, कोणी काठावर काय लिहिले, हे १८८२ च्या प्रतीच सांगू शकतात. म्हणून पुनर्मुद्रण झाल्यामुळे मूळ प्रतीचा शोध संपत नाही. खरे तर त्याला तेथून सुरुवात व्हावी.

आता मुद्रणस्थळाचा प्रश्न. कोणत्याही सूचीत प्रकाशनस्थळ हे पुस्तकाच्या छापील पानावरून घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या नोंदीचा अर्थ लावताना गफलत होते. इंग्लंडमध्ये १५५७ च्या सनदेने मुद्रणाचा मक्ता लंडनच्या संघाकडे गेला व १५८६ च्या हुकमाने लंडन, ऑक्सफर्ड व केंब्रिज यांखेरीज अन्यत्र छापखाने ठेवण्यास बंदी झाली; हा निर्बंध शेवटी १६९५ मध्ये सुटला. परिणामी त्या काळात यॉर्कशायरच्या धर्मोपदेशकाने लिहिले काय किंवा डेव्हनच्या जमीनदाराने लिहिले काय, मुखपृष्ठावर लंडनच येणार. त्या नोंदींवरून सारे इंग्रजी वाङ्मय लंडनमध्ये लिहिले गेले असे कोणी समजत नाही. वऱ्हाडवर असा कायदेशीर निर्बंध नव्हता. निर्बंध होता तो सोयीचा, ओळखीचा आणि अंतराचा. बुलढाणा घाटावर. मलकापूरचे रेल्वे स्टेशन घाटाखाली, चाळीसेक किलोमीटरवर. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाल्यावर वऱ्हाड व पुणे यांमधील वाट जवळची झाली होती. पुण्याचे वृत्तपत्र त्या वाटेने घाट चढून वर यावे आणि त्याचे उत्तर घाट उतरून पुण्याच्या छापखान्यात जावे, हा प्रवास म्हणजे एकोणिसाव्या शतकातील प्रांतिक बुद्धिजीवनाचा नकाशाच आहे. वाङ्मयेतिहासात मात्र या प्रवासाचे शेवटचे ठिकाण तेवढे नोंदले जाते: पुणे, १८८२.

शासकीय नोंदींची परिस्थिती याहून गुंतागुंतीची. वऱ्हाड हे निजामाच्या सार्वभौमत्वाखालचे पण इंग्रजांच्या कारभारातले, असे त्रिशंकू राज्य. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत, स्वतंत्र आदेशाने लागू करावे लागत. प्रांताचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे. १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला. १९५६ मध्ये मुंबई राज्याला. साहजिकच जिल्ह्याच्या मुद्रित इतिहासाचा माग काढणाऱ्याला हैदराबाद, नागपूर व मुंबई अशा तीन दारांशी जावे लागते. मात्र जे पुण्या-मुंबईत छापले गेले ते मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक याद्यांत आहे, आणि या याद्यांत एक उपेक्षित किल्ली आहे. १८६७ च्या कायद्याने यादीचे रकाने ठरवून दिले: नाव, भाषा, कर्ता, विषय, मुद्रण व प्रकाशनाचे स्थळ, मुद्रकाचे नाव, तारीख, पृष्ठे, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, टंकमुद्रित की शिळामुद्रित, किंमत. कर्त्याच्या राहण्याच्या ठिकाणाला रकाना नाही. पण शेवटच्या रकान्यात स्वामित्वहक्क कोणाकडे आहे त्याचे नाव व वास्तव्य विचारलेले असते. हक्क लेखकाने स्वतःकडे ठेवला असेल तर त्याचे गाव तेथे हमखास यावे. आजवर अभ्यासकांनी या याद्या कर्त्याच्या किंवा विषयाच्या अंगाने चाळल्या. शेवटच्या रकान्यातून बुलढाणा, मेहकर, चिखली, खामगाव, मलकापूर, जळगाव जामोद, सिंदखेड ही नावे शोधत त्या वाचल्या तर ताराबाईंच्या आसपास आणखी कोण होते हे कळू शकेल. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधिकेला एवढा विषय पुरेसा आहे. ‘अमुक कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण’ या धर्तीच्या आणखी एका प्रबंधिकेपेक्षा तो निश्चित उपयुक्त ठरेल.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ताराबाई ‘आपल्या जिल्ह्याच्या’ म्हणून कमानीवर नाव कोरण्याने व जयंतीला हार घालण्याने काहीही साधत नाही. जिल्ह्याचा अभिमान हा संशोधनाचा आरंभ असू शकतो, पण बहुधा तो त्याचा शेवट ठरतो. प्रश्न ताराबाई एकट्या थोर होत्या की काय हा नाही. त्या एकट्या होत्या की काय, हा आहे. एका हेडक्लार्कच्या घरात बाप छापतो, लेक छापते. अशा घराभोवती वाचणारे, वाद घालणारे, पत्रे पाठविणारे माणसांचे एक वर्तुळ असणार. पुढे १९२७ मध्ये पंढरीनाथ सीताराम पाटील यांचे महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र प्रसिद्ध झाले ते चिखलीहून. फुल्यांच्या चरित्रलेखनातील हे पायाभूत पुस्तक पुण्यातून न येता बुलढाणा जिल्ह्यातून आले हा योगायोग मानायचा, की १८८२ पासूनच्या एका धाग्याचे ते दुसरे टोक समजायचे? मधल्या पंचेचाळीस वर्षांतील पुस्तिका, जलशांची पदे, सभांची इतिवृत्ते, जातिपरिषदांची पत्रके समोर असल्याखेरीज याचे उत्तर देता येणार नाही. चिखलीच्या १९२७ च्या पुस्तकाला दोलामुद्रितांत बसविणे तांत्रिकदृष्ट्या हास्यास्पद वाटेल. पण वऱ्हाडपुरती संरक्षणाची मर्यादा तेथपर्यंत, निदान १९३० पर्यंत आणणे, यात हास्यास्पद काही नाही. पोलार्ड-रेडग्रेव्ह यांनी आपल्या गरजेनुसार एकशेचाळीस वर्षे पुढे जाण्याची हिंमत केलीच होती.

या सर्वांवर एक आक्षेप असा येतो की अशी सूची करण्यासाठी मनुष्यबळ व पैसा कोठून आणावा. इंग्लंडचे उदाहरण देणे सोपे, त्यांच्याजवळ ब्रिटिश लायब्ररी आहे. आक्षेपात तथ्य आहे. पण शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची सिद्ध केली तेव्हा त्यांच्या पाठीशी साम्राज्य नव्हते. आणि जतन न झाल्याची किंमत मराठीने पूर्वी मोजलेली आहे. विल्टशायरमधून गोव्यात आलेल्या टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, म्हणजे स्वेटनमचे आरोपपत्र आणि स्पेटचे उत्तर यांच्या बरोबर मधल्या वर्षी. लंडनची ती सवंग चोपडी आजही ग्रंथालयांत पाहायला मिळतात. ‘क्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या आणि त्यांतील एकाही आवृत्तीची एकही प्रत शिल्लक नाही. हस्तलिखितांनी तारले म्हणून काव्य उरले.

एकोणिसाव्या शतकाच्या पुस्तिकेला हस्तलिखिताचा आधार नसतो. छापून झाल्यावर लेखकाची मूळ प्रत कोण जपून ठेवतो? तिचे सारे आयुष्य छापील प्रतींवर अवलंबून, आणि त्या प्रती आज कोठे असतील तर जिल्ह्यातील जुन्या वाचनालयांच्या वरच्या फळीवर, शाळांच्या कुलूपबंद कपाटांत, एखाद्या वाड्याच्या माळ्यावर पोथ्यांच्या बासनात. सार्वजनिक ग्रंथालयांत जीर्ण व न वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांचे ठरावीक काळाने निर्लेखन होते. यादी तयार होते, कार्यकारी मंडळ मंजुरी देते, पुस्तके रद्दीत जातात. नियमाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. मुखपृष्ठ गेलेली, कर्त्याचे नाव नसलेली, चाळीस पानांची पिवळी चोपडी त्या यादीत सर्वांत आधी येते, कारण तिची मागणी कोणी केलेली नसते आणि दाखलनोंदवहीत तिचे नावही धड नसते. विद्यापीठाच्या मराठी विभागाने संलग्न महाविद्यालयांतील अध्यापकांकडे तालुकावार हे एवढेच काम सोपवावे: निर्लेखनाची यादी मंजूर होण्यापूर्वी १९३० पूर्वीच्या प्रत्येक नगावर एक नजर टाकणे, मुद्रकाचे नाव, किंमत, वर्ष, मूळ मालकाची सही आणि समासातील हस्ताक्षर असल्यास ते उतरवून घेणे, शेवटच्या पानाचे छायाचित्र घेणे. शेवटच्या पानाचे मुद्दाम, कारण मुखपृष्ठ फाटलेल्या पुस्तकात छापखान्याचे नाव पुष्कळदा तेथेच तेवढे वाचता येते.